खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा, अँटेना कुठे बसेल ते बघा

प्रश्न : मी मिरजेत राहते आणि घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांची माहितीपत्रकं. आधी कॉम्प्युटर हॉलमध्ये होता आणि वायरने राउटरला जोडलेला होता. हॉलमध्ये जागा पुरेना म्हणून आता माझं काम वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं आहे. राउटर खालीच आहे. कॉम्प्युटरला मागच्या बाजूला छोटं वायफाय डोंगल लावलं आहे, त्यावर १५० असं लिहिलंय. आमचं नेट १०० एमबीपीएसचं फायबर आहे. हॉलमध्ये मोबाइलवर नव्वदच्या वर स्पीड येतो, वर कॉम्प्युटरवर पंधरा-वीस. अपलोड तर चार-पाचच्या पुढे जात नाही, अर्ध्या जीबीची फाइल प्रेसला जायला पंधरा मिनिटं लागतात. दुकानदाराने तीन वस्तू दाखवल्या : ६०० लिहिलेलं डोंगल, आत बसवायचं एएक्स३००० कार्ड, आणि वायफाय ७ चं कार्ड. तो म्हणतो, वायफाय ७ च घ्या, परत दहा वर्षं बघायला नको. माझा कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे : रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, विंडोज ११. काय घेऊ?

ताई, मधलं घ्या. एएक्स३००० कार्डच, पण ज्याच्या अँटेना कार्डाला मागे चिकटलेल्या नसून वायरवर सुट्या असतात आणि टेबलावर ठेवता येतात, असं. वायफाय ७ चं कार्ड तुमच्या मशीनला आज घेऊ नका. कारणं सांगतोच, पण दुकानात जाण्याआधी घरात एक चाचणी करायला हवी. तिला पैसे लागत नाहीत आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

मोबाइल घेऊन वरच्या खोलीत जा आणि तो राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ नेटवर्कला जोडा. बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतात, म्हणून दोन नावं दिसतात आणि त्यातल्या एकाच्या शेवटी ५जी असं असतं, ते घ्यायचं. एकच नाव दिसत असेल तर तुमच्या नेटवाल्याला सांगा, तो दोन्ही नावं वेगळी करून देईल. मग मोबाइल कामाच्या टेबलावर ठेवून तीन-चार वेळा स्पीड तपासा आणि अपलोडचा आकडा लिहून ठेवा. त्यानंतर तोच मोबाइल कॅबिनेटच्या मागे, भिंतीपाशी, म्हणजे आत्ता डोंगल जिथे आहे नेमकं तिथे ठेवा आणि पुन्हा तपासा. या दोन आकड्यांत जेवढा फरक पडेल तेवढं नुकसान निव्वळ जागेमुळे होतंय असं समजा.

मोबाइलच का, तर त्याच्या आत साधारण दोन लहान अँटेना असतात. टेबलावर दोन मोठ्या अँटेना ठेवलेलं कार्ड त्याच्यापेक्षा वाईट चालणार नाही, चांगलंच चालेल. म्हणजे टेबलावर मोबाइलला साठ-सत्तरचं अपलोड मिळालं तर निर्धास्तपणे कार्ड घ्या. मोबाइलही तिथे आठ-दहावर अडकला, तर कुठलंच कार्ड तुमचं काम करणार नाही. तेव्हा काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता तुमचं सध्याचं डोंगल. ते बिघडलेलं नाही. १५० लिहिलेल्या डोंगलमध्ये एकच अँटेना असते आणि ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. १५० हा आकडा दुप्पट रुंदीचं चॅनल, म्हणजे पट्ट्यातली दुप्पट रुंद वाट, मिळालं तरच खरा. पण २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच निघतात : १, ६ आणि ११. आजूबाजूच्या घरांतले सगळे राउटर, ब्लूटूथचे माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात. अशा गर्दीत राउटर बहुतेक वेळा साध्या रुंदीवर येतो आणि जोडणी ७२ वर उतरते. त्यातला निम्माअधिक वेळ वायफायच्या स्वतःच्या देवाणघेवाणीत आणि दुसऱ्यांची वाट बघण्यात जातो. त्यात भर म्हणून मध्ये स्लॅब आणि लोखंडी कॅबिनेट. पंधरा-वीस हाच त्याचा हिशेब आहे.

अपलोड त्याहून वाईट का, हे नीट समजून घ्या, कारण तुमचा धंदा अपलोडवर आहे. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटरचा आवाज दणदणीत आहे, तो वरच्या खोलीत ऐकू येतो. उत्तर द्यायचं असतं डोंगलला, आणि नखाएवढ्या डोंगलचा आवाज बारीक. तो कॅबिनेटच्या मागून, भिंतीला तोंड करून बोलतोय. राउटरला अर्धं कळत नाही, मग तीच माहिती पुन्हा पाठवावी लागते, परत परत. डाउनलोडमध्ये मोठा आवाज राउटरचा असतो म्हणून ते निभावतं. अपलोडमध्ये सगळा भार डोंगलवर. वायफाय घेताना लोक डाउनलोडचा आकडा बघतात. फाइली पाठवणाऱ्या माणसाने अपलोडचाच बघायला हवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण डीटीपीचं काम म्हटलं की एक्स्टर्नल हार्ड डिस्क असतेच. ती कॅबिनेटच्या मागे डोंगलच्या शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये लावता का? निळे पोर्ट यूएसबी ३ चे. त्यांच्यातून जोरात डेटा वाहतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट तयार होतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक लेखच काढला होता. हार्ड डिस्कवरून थेट फाइल पाठवताना नेट आणखी मरतं ते यामुळे असू शकतं. कार्ड येईपर्यंतचा उपाय सोपा आहे. यूएसबीची मीटरभर एक्स्टेन्शन वायर आणा आणि डोंगल मागून काढून टेबलावर, हार्ड डिस्कपासून दूर ठेवा. शंभर-दीडशे रुपयांत बराच फरक पडतो. कार्ड घेतल्यावरही ती वायर पेन ड्राइव्हला उपयोगी पडेल.

आता खोक्यावरचे आकडे. त्यातलं एएक्स म्हणजे वायफाय ६ आणि एसी म्हणजे त्याआधीचं वायफाय ५. एएक्स३००० मधले ३००० कुठून येतात? २.४ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त २४०२. बेरीज २९७६, ती केली ३०००. एसी६०० म्हणजे १५० अधिक ४३३. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. एएक्स५४०० लिहिलेल्या कार्डात तर २४०२ दोनदा मोजलेले असतात, एकदा ५ गिगाहर्ट्झचे आणि एकदा ६ गिगाहर्ट्झचे. पण वायफाय ६ पर्यंतचं कार्ड एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेलं असतं, त्यामुळे ही बेरीज तुमच्या खोलीत कधीच भेटत नाही. शिवाय २४०२ साठी राउटरलाही १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल यावं लागतं. नेट कंपन्यांनी घरोघरी बसवलेले बरेच राउटर वायफाय ५ चे, ८० मेगाहर्ट्झचे आहेत. तुमचाही तसाच असेल तर हेच कार्ड त्याच्याशी ८६७ वर जोडलं जाईल. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले आणि स्लॅबमुळे त्याचेही निम्मे झाले, तरी दोनशेच्या वर उरतात. तुमचं फायबर शंभरचं. हवं त्याच्या दुप्पट आहे.

मग ६०० चं डोंगल का नको, असं तुम्ही म्हणाल. ते अगदी टाकाऊ नाही. ५ गिगाहर्ट्झवर येतं, ही आत्तापेक्षा मोठी सुधारणा आहे. पण अँटेना तीच एक, नखाएवढी, आणि अपलोडचं दुखणं तसंच राहण्याची शक्यता जास्त. चाचणीत मोबाइलला टेबलावर ऐंशी-नव्वद सहज मिळाले आणि खर्च कमीच ठेवायचा असेल, तर ६०० ऐवजी १२०० चं, दोन अँटेनांचं, यूएसबी ३ चं डोंगल घ्या आणि ते वायरवर टेबलापाशी आणा. स्वस्तातला पर्याय म्हणून मला तो मान्य आहे. पण रोज आठ तास ज्या मशीनवर पोट आहे, तिथे मी कार्डच सुचवेन.

वायफाय ७ बद्दल दुकानदाराचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण तुमच्या घरात त्याला आधार नाही. वायफाय ७ चा फायदा राउटरही वायफाय ७ चा असेल तरच. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल, आणि ते फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळतं. आपल्याकडे या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला होता, म्हणजे हा पट्टा आपल्या घरांसाठी नवाच आहे. शिवाय ६ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून ५ पेक्षाही कमी झिरपतं. विंडोज ११ मध्येही वायफाय ७ साठी २४एच२ ही आवृत्ती लागते.

आणि तुमच्यासाठी खास कारण : बोर्ड, म्हणजे मशीनमधला मदरबोर्ड. वायफाय ७ ची पुष्कळ कार्डं इंटेलच्या बीई२०० चिपवर बनतात, आणि ती चिप अधिकृतपणे इंटेल प्रोसेसरच्या मशीनसाठीच आहे. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर ते कार्ड ओळखलंच जात नाही, काही ठिकाणी मशीन सुरू होतानाच अडतं. तुमचं रायझन आणि बी४५० म्हणजे एएमडीच. इतके पैसे घालून कार्ड दिसलंच नाही, तर परत करण्यासाठी दुकानाचे हेलपाटे तुम्हालाच घालायचे आहेत. एएमडीवर चालणारी मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या चिपची वायफाय ७ कार्डं आहेत, पण राउटर जुना असताना त्यांचा उपयोग काय?

एएक्स३००० घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : चिप कुठली? इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० असेल तर डोळे मिटून घ्या. दोन्ही एएमडी बोर्डावर नीट चालतात, विंडोजसाठी इंटेलच्या साइटवर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळतात आणि उद्या कुणी मशीनवर लिनक्स टाकलं तरी ती ओळखली जातात. इथे एक सापळा आहे. ऑनलाइन स्वस्तात एएक्स२०१, एएक्स२११ नावाची सुटी, बिस्किटाएवढी कार्डं दिसतात. शेवटी १ असलेली ही कार्डं इंटेलच्या ठरावीक बोर्डांवरच चालतात, कारण वायफायचा निम्मा भाग तिथे प्रोसेसरच्या बाजूला असतो. तुमच्या बोर्डावर ती कधीच चालणार नाहीत. शेवटी शून्य असेल तेच घ्यायचं.

टीपी-लिंकचं आर्चर टीएक्स३०००ई आणि आसुसचं पीसीई-एएक्स५८बीटी ही मी म्हणतोय त्या घडणीची कार्डं आहेत : कार्ड कॅबिनेटच्या आत, बाहेर लांब वायर, वायरच्या टोकाला अँटेनांचा छोटा पाट. मॉडेल येतात-जातात. नेमकं हेच मिळालं पाहिजे असं नाही, घडण अशी हवी. किंमत साधारण तीन हजारांच्या आगेमागे. खोक्यावर फोटो बघून खात्री करा, कारण त्याच किमतीत कार्डाच्या पट्टीवरच दोन काड्या उभ्या असलेली कार्डंही मिळतात. ती घेऊ नका. काड्या कितीही लांब असल्या तरी त्या लोखंडी कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला टेकूनच राहणार. तुमच्या डोंगलची जी अडचण, तीच तीन हजार देऊन पुन्हा घ्यायची असं होईल.

खरेदीआधी मशीन बंद करून, प्लग काढून कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडा आणि मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढा. ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट सोडून खाली एखादा बोटाच्या पेराएवढा लहान स्लॉट रिकामा दिसतो का? तोच पीसीआय एक्सप्रेस एक्स१, कार्ड त्यातच बसतं. लहान नसेल पण दुसरा लांब स्लॉट रिकामा असेल तरी चालेल, लहान कार्ड लांब स्लॉटमध्ये बसतं. घोटाळा एवढाच होतो की जाडजूड ग्राफिक्स कार्ड त्या लहान स्लॉटवर पसरलेलं असतं. म्हणून फोटो आधी, पैसे नंतर. कॅबिनेट सडपातळ असेल तर कार्ड मागच्या बाजूला अडकवायची आखूड पट्टी खोक्यात आहे ना, तेही विचारा.

बसवणं अवघड नाही, पण हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा स्पर्श करा म्हणजे अंगावरची स्थिर वीज जाईल. कार्डाबरोबर एक बारीक वायर येते, तिचं टोक बोर्डावरच्या यूएसबीच्या नऊ पिनांच्या खुंटीवर लावायचं असतं. ती ब्लूटूथसाठी. ती राहिली तर वायफाय चालतं आणि ब्लूटूथ गायब असतं, मग लोक कार्डाला दोष देतात. खोक्यातली ड्रायव्हरची सीडी विसरा. कार्ड बसवण्याआधीच, जुन्या डोंगलवरून, ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. कार्ड चालू झालं की डोंगल काढून टाका. दोन्ही लावून ठेवली तर विंडोज कधी याला धरतं, कधी त्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते बहुतेक लोक करतच नाहीत : अँटेनांची जागा. पाट टेबलावर, जमलं तर शेल्फवर, उंच ठेवा. मॉनिटरच्या मागे नको, लोखंडी कपाटाशेजारी तर मुळीच नको. खोलीचं दार जिन्याकडे उघडत असेल तर पाट दाराच्या बाजूला आणा. ५ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून जितकं येतं त्यापेक्षा जिन्याच्या पोकळीतून आणि उघड्या दारातून जास्त येतं. अँटेनाची काडी सिग्नल चहूबाजूंना, आडवा फेकते, तिच्या टोकाच्या दिशेने मात्र फार कमी. राउटर तुमच्या खोलीच्या बरोबर खाली असेल आणि दोन्ही काड्या सरळ उभ्या असतील, तर त्यांची टोकंच राउटरकडे असतात. त्यासाठी एक काडी उभी ठेवा आणि दुसरी आडवी पाडा. खाली राउटरच्या काड्या हलत असतील तर त्यातलीही एक आडवी करा. राउटर टीव्हीच्या मागे दडवला असेल तर तो बाहेर काढून उंच ठेवा. पाट हलवा, स्पीड तपासा, वीतभर सरकवा, पुन्हा तपासा. वीतभर अंतराने अपलोड दुप्पट झालेला दिसला तर आश्चर्य मानू नका, भिंतींवरून परतणाऱ्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात आणि काही जागी जोर देतात. अर्धा तास यात घालवा. वायर पुरत नाही म्हणून बाजारातली स्वस्त अँटेना-वायर जोडून ती लांबवू नका, ५ गिगाहर्ट्झवर बारीक वायर मीटरभरातच बराच सिग्नल खाते.

विंडोजमध्ये दोन गोष्टी बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रिफर्ड बँड असतो, तो ५ गिगाहर्ट्झ करा, नाहीतर मशीन आपलं २.४ ला चिकटून बसतं. आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देण्याची खूण काढून टाका. नंतर वायफायच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क बँड ५ गिगाहर्ट्झ आणि लिंक स्पीड तीन आकडी दिसायला हवी. अर्ध्या जीबीची फाइल मग मिनिटाच्या आसपास जाईल, अर्थात तुमच्या प्लॅनमध्ये अपलोडही शंभरचं असेल तर. ते नेटवाल्याला एकदा विचारून घ्या. काही प्लॅनमध्ये अपलोड कमी दिलेलं असतं. हॉलमध्ये मोबाइलवर अपलोडचा आकडा बघितलात तरी कळेल.

राहिला चाचणीत मोबाइलही नापास झाल्याचा प्रश्न. तसं झालं तर कार्डाचे पैसे वायरीला घाला. राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढून घ्या, केबल टीव्हीची वायर जिथून वर जाते तिथूनच तीही जाईल. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट सहज वाहते आणि तुमच्या बोर्डावर लॅनचा पोर्ट आहेच, म्हणजे मशीनमध्ये काही बसवायचंही नाही. वरच्या मजल्यावर घरातल्या इतरांनाही रेंज लागत असेल तर त्या केबलच्या टोकाला एक साधा ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधलं नेट वर वायफायने देण्यासाठी, लावा, आणि त्याच्या मागच्या पोर्टमधून लहान वायरीने कॉम्प्युटर जोडा. हवेतून सिग्नल वाढवणारा रिपीटर कुणी सुचवला तर नको म्हणा, साधा रिपीटर तोच पट्टा दोनदा वापरतो आणि स्पीड निम्मा करतो. केबल टाकणाऱ्याला मात्र आधीच सांगा की सगळ्या आठही तारा जोडायच्या. चारच जोडल्या तर जोडणी शंभरवरच अडते, आणि उद्या तुम्ही प्लॅन वाढवला तर वर काही फरक दिसणार नाही.